मेंदूला टाकी नसते

शहापुरात गल्लीचा गणपती बसला की मंडपाच्या कमानीवर दिव्यांची माळ चढते. लहान मुलं आधी टक लावून बघतात, पाचेक मिनिटांत त्यांचं लक्ष प्रसादाच्या ताटाकडे जातं. आमच्या मावशीला मात्र तिथं उभं राहवत नाही. पदर डोळ्यांवर ओढून ती म्हणते, "बंद करा की रे ते, डोकं उठलं माझं." तिला अर्धशिशी आहे.

बघण्याचं काम मेंदूच्या पार मागच्या भागात चालतं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन लागतो सुमारे २० टक्के. राकसकोप धरणाचं पाणी नळाला आलं की आपण टाकी, पिंप, कळशी भरून ठेवतो. मेंदूला अशी टाकी नाही. जो भाग कामाला लागतो, त्याला तेव्हाच रक्त पोचवावं लागतं. तिथल्या पेशी रासायनिक निरोप धाडतात आणि बारीक धमन्यांचे स्नायू सैल पडून त्या रुंदावतात.

हे एका माणसाच्या डोक्यात चक्क ऐकू आलं होतं. १९२८ साली अमेरिकेत जॉन फुल्टन या डॉक्टरांनी एका खलाशाची हकीकत लिहिली. त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूला रक्तवाहिन्यांची गुंतागुंत होती आणि तिथं रक्ताचा सूं-सूं आवाज येई. तो वर्तमानपत्र वाचायला लागला की आवाज चढे, डोळ्यांना विश्रांती दिली की उतरे. तंबाखू हुंगून पाहिली, लांबच्या घड्याळाची टिकटिक कान देऊन ऐकली, आवाजात फरक नाही. निपाणीकडच्या आपल्या माणसांना तंबाखूचा वास किती झोंबतो ते ठाऊक आहे. पण वासाचं काम मेंदूत दुसरीकडे चालतं. आजची यंत्रं मेंदूची जी चित्रं काढतात, त्यांपेक्षा मला ही हकीकत जास्त पटते.

दिवा चमकला की चेतापेशी लगेच जाग्या होतात, रक्ताला वेळ लागतो. ते सेकंद-दोन सेकंदांनी वाढू लागतं, पाच-सहा सेकंदांनी शिगेला पोचतं, मग उतरताना थोडं नेहमीच्याही खाली जातं. शिवाय रक्त गरजेपेक्षा बरंच जास्त येतं, त्यामुळे तिथल्या रक्तात ऑक्सिजन वाढतो. १९९० मध्ये सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की रक्तातल्या ऑक्सिजनचा हा फरक चुंबकीय यंत्राला (एमआरआय) टिपता येतो.

आता माळ. सेकंदाला सुमारे आठ वेळा उजेड उघडझाप झाला की दृष्टिकेंद्रातला, म्हणजे बघण्याचं काम करणाऱ्या त्या मागच्या भागातला, रक्तप्रवाह सर्वांत वाढतो. त्याहून वेग वाढवला तर उलट उतरतो, असं पीटर फॉक्स आणि मार्कस रेचल या अमेरिकन संशोधकांना १९८४ मध्ये आढळलं. सेकंद-दोन सेकंदांत उजेडाचा दुसरा झोत आला तर त्याला मिळणारा प्रतिसाद पहिल्यापेक्षा कमी असतो. तेच चित्र पुन:पुन्हा दिसलं तरी प्रतिसाद उतरत जातो. मुलांची नजर माळेवरून ढळते, त्यामागे हेही एक कारण असणार. अर्धशिशीच्या अनेक रुग्णांत, डोकं दुखत नसतानाही, मेंदूची विद्युत प्रतिक्रिया अशी उतरत नाही, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं. काहींत दिसलं नाही. मावशीच्या डोक्यात नेमकं काय होतं ते यावरून ठरत नाही, पण तिचं म्हणणं नुसती कुरकुर म्हणून कुणी उडवू नये.

यंदा मंडळाच्या पोरांना मी सांगितलंय, आरतीच्या वेळी माळ लुकलुकू देऊ नका, स्थिर ठेवा. मावशीला आरती पुढं उभं राहून करायची आहे.