बॉलहेड निवडताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ट्रायपॉड घ्यायला येणारी मंडळी पायांची चौकशी अगदी बारकाईने करतात. कार्बन की ॲल्युमिनियम, घडी केल्यावर बॅगेत मावेल का, वजन किती. वरच्या हेडची, म्हणजे कॅमेरा धरून हवा तसा वळवणाऱ्या भागाची, पाळी आली की मात्र "त्यावर बसेल ते द्या" म्हणतात. फोटो हलल्याच्या ज्या तक्रारी आमच्याकडे येतात, त्यांतल्या कितीतरींचे मूळ त्या हेडमध्येच सापडते. बॉलहेडमध्ये कॅमेरा एका गोळ्यावर फिरतो आणि नॉब आवळला की तो गोळा जागीच अडकतो.

हेड किती वजन पेलेल याचा १० किलो, २० किलो असा आकडा डब्यावर असतो. प्रत्येक कंपनी तो आपापल्या पद्धतीने मोजते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. शिवाय वजन गोळ्याच्या बरोबर वर असेल तर हेडला फारसे कष्ट पडत नाहीत. कॅमेरा पुढे कलला की खरी परीक्षा सुरू होते. कॅमेरा आणि लेन्स मिळून २ किलोचा भार गोळ्यापासून १० सेंटिमीटर पुढे गेला, तर गोळ्याला फिरवू पाहणारा जोर होतो २० किलो-सेंटिमीटर. हा जोर अडवते ते गोळ्यावरचे घर्षण. गोळा मोठा असला की तेवढ्याच आवळण्यात पकड जास्त मिळते. ३६ मिलिमीटरच्या गोळ्यापेक्षा ५४ मिलिमीटरच्या गोळ्याला दीडपट. म्हणून आम्ही किलोच्या आधी गोळ्याचा व्यास विचारतो.

दुकानात आलात की एक गोष्ट नक्की करून बघा. आपली सगळ्यात लांब लेन्स लावा, स्क्रीनवर चित्र मोठे करा आणि रस्त्यापलीकडच्या पाटीवरचे एक अक्षर बरोबर मधोमध घ्या. नॉब आवळा आणि हात काढा. अक्षर हळूच वर सरकले, तर कॅमेऱ्याने मान खाली टाकली. याला आम्ही 'बसणे' म्हणतो. ते सरकणे किती चालेल हे लेन्सवर ठरते. फुल-फ्रेम (३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरच्या लेन्समध्ये अर्ध्या अंशाचा फरक डोळ्यांना कळतही नाही, पण ६०० मिलिमीटरला तेवढ्यात चित्राच्या उंचीचा जवळजवळ पाचवा भाग निघून जातो. थोडे बसणारे हेड असेल, तर फ्रेम किंचित वर धरून आवळायची सवय लागते. न बसणारे मिळत असेल, तर ही सवय लावून घेऊ नये असे आमचे मत आहे.

रात्री आपल्या इंदूरच्या राजवाड्याचे सातही मजले एका फ्रेममध्ये घ्यायचे, समोरच्या बागेतून, अहिल्याबाईंच्या पुतळ्याजवळून, शटर आठ-दहा सेकंद उघडे. अशा कामाला ३६ ते ४४ मिलिमीटरचा चांगला गोळा पुरतो. सराफा बाजारात खाण्याचे व्हिडिओ करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. कॅमेरा सरळ खाली बघतो, सगळा भार एका बाजूला लटकतो, तिथे मोठा गोळाच घ्या. आणि सिरपूर तलावावर पक्ष्यांसाठी १५०-६०० मिलिमीटरची लेन्स नेत असाल तर बॉलहेडचा हट्ट नको. ती लेन्स एकटीच २ किलोच्या आसपास असते आणि नॉब सैल राहिला तर धाडकन कलंडते. गिम्बल हेड घ्या, म्हणजे जड लेन्स तोलून झुलती धरणारे हेड. ते आमच्याकडे भाड्यानेही मिळते, आधी वापरून बघा.

एकच नॉब असलेले हेड स्वस्त पडते. तरी घर्षणाचा वेगळा नॉब असलेले घ्यावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो. तो एकदा आपल्या कॅमेऱ्यापुरता लावून ठेवला की मोठा नॉब सैल केल्यावरही कॅमेरा हाताबाहेर जात नाही.

प्लेट, म्हणजे कॅमेऱ्याखाली लावून हेडच्या क्लॅम्पमध्ये अडकवायची पट्टी, आर्का-स्विस पद्धतीची घ्या, रुंदी साधारण ३८ मिलिमीटर. वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्लेटमध्ये केसभर फरक असतो. स्क्रूचा क्लॅम्प तो सांभाळून घेतो, खटक्याचा क्लॅम्प कधी ढिला पडतो, कधी बंदच होत नाही. खटका हवा असेल तर आपल्या सगळ्या प्लेट सोबत आणा. उभे फोटो जास्त काढत असाल तर एल-प्लेट (L आकाराची प्लेट) लावा, म्हणजे कॅमेरा हेडच्या बाजूच्या खाचेत आडवा न पाडता गोळ्याच्या वरच राहील. लांब लेन्सला स्वतःची कॉलर (ट्रायपॉडवर बसवायची कडी) असेल, तर प्लेट कॅमेऱ्याला न लावता त्या कॉलरला लावा.

हेड उत्तम असूनही फोटो हलला, तर ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढला होता का ते आधी आठवा. तो खालीच ठेवा आणि शटर २ सेकंदांच्या टायमरवर सोडा.

रंगपंचमीच्या गेरीनंतर (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीनंतर) दरवर्षी गुलालाने भरलेली हेड आमच्याकडे येतात. घरी आल्या आल्या मऊ ब्रशने झटका आणि गोळा कोरड्या सुती कापडाने पुसा. तेल घालू नका. एका ग्राहकांनी किरकिर थांबावी म्हणून शिलाई मशीनचे तेल घातले, त्यानंतर कितीही आवळले तरी कॅमेरा धरेना. हेड पूर्ण खोलून, धुऊन, पुसून काढावे लागले. किरकिर आली तर तसेच घेऊन या, आपल्यासमोर खोलून दाखवू.