वाळवंटात बंद पडलेली गाडी आणि घामाचा हिशेब

ऑगस्ट २०२४ मध्ये सौदी अरेबियातून एक बातमी आली होती. तेलंगणातून नोकरीसाठी तिकडे गेलेला एक तरुण आणि त्याचा सुदानी सहकारी रब अल खाली या वाळवंटात वाट चुकले. जीपीएस चालेना, मोबाइलची बॅटरी संपली, गाडीतले इंधनही संपले, आणि पुढे दोघांचेही मृतदेह वाहनाजवळच वाळूत सापडले. सौदी अरेबिया, ओमान, संयुक्त अरब अमिराती आणि येमेन या चार देशांत पसरलेल्या या वाळूच्या प्रदेशाचे क्षेत्रफळ सुमारे साडेसहा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक आहे. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतल्या कित्येक घरांतली माणसे आखातात नोकरीला असल्यामुळे ही बातमी आपल्याला परकी म्हणता येत नाही.

अशा प्रसंगाचा विषय निघाला की दोन सल्ले हमखास ऐकू येतात. पहिला असा, की जवळचे पाणी घोटघोट पुरवून प्यावे. दुसरा असा, की मरणाची वाट पाहत बसण्यापेक्षा चालू लागावे. दोन्ही सल्ले शहाणपणाचे वाटतात आणि दोन्ही घातक आहेत. ते का घातक आहेत हे समजण्यासाठी घामाचे गणित समजून घ्यावे लागते, आणि माझ्या मते मानवी शरीराच्या साऱ्या भौतिकशास्त्रात याहून सुंदर गणित दुसरे नाही.

पाण्याच्या बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा आपण शाळेत शिकलो आहोत. १०० अंश सेल्सिअसला एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना ५४० कॅलरी उष्णता शोषली जाते. मात्र वाफ होण्यासाठी पाणी उकळलेच पाहिजे असे नाही. माठातले पाणी कधी उकळत नाही, तरीही माठाच्या अंगावर पाझरलेला थेंब वाफ होऊन जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातो. त्वचेच्या ३५ अंश तापमानाला हा आकडा आणखी वाढतो आणि ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी होतो. म्हणजे एक लिटर घाम पूर्णपणे वाळला तर तो ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर नेतो. आता ७० किलो वजनाच्या माणसाचे तापमान एका अंशाने वाढवायला साधारण ५८ किलोकॅलरी लागतात. याचा अर्थ एक लिटर घामाने टाळलेली तापमानवाढ तब्बल १० अंशांची असते. इतके प्रभावी शीतयंत्र आपण त्वचेखाली घेऊन फिरतो.

हे यंत्र किती लागते, ते पाहू. सावलीत स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरात चयापचयातून तासाला सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता तयार होते. हवा ३५ अंशांहून थंड असेल तर यातली बरीचशी उष्णता आपसूक हवेत निघून जाते. हवा ४५ अंशांवर गेली की प्रवाह उलटा होतो, कारण उष्णता नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते आणि आता परिसरात सर्वांत थंड वस्तू आपले शरीरच असते. उघड्या अंगाच्या माणसाला अशी हवा आणि भोवतालचा तापलेला परिसर तासाला आणखी १५० किलोकॅलरींच्या आसपास उष्णता देतात. एकूण २३० झाली. घाम नसता तर शरीराचे तापमान तासाला चार अंशांनी वाढले असते, म्हणजे ३७ वरून ४१ वर जायला एक तास पुरला असता. घाम असल्यामुळे तापमान जागच्या जागी राहते, पण त्याची किंमत तासाला ४०० मिलिलिटर पाणी इतकी पडते. हाच माणूस भर दुपारी वाळूतून चालू लागला की स्नायूंची उष्णता तिप्पट-चौपट होते, डोक्यावरून ऊन येते, पायाखालून तापलेली वाळू भाजते, आणि एकूण बेरीज साडेसहाशे किलोकॅलरींपर्यंत, म्हणजे तासाला एक लिटरहून अधिक घामापर्यंत जाते.

मुंबईत राहणाऱ्या वाचकाला येथे एक फसगत होण्याची शक्यता आहे. मुंबईत घाम दिसतो, कारण दमट हवेत तो वाळत नाही. तो ओघळतो, कपडे भिजवतो आणि ओघळून गेलेला थेंब शरीराला थंडावा न देताच वाया जातो. वाळवंटात नेमके उलटे घडते. तिथली हवा इतकी कोरडी असते की घाम रंध्रातून बाहेर येताच वाळतो आणि त्वचा कोरडी लागते. आपल्याला घामच येत नाही, असे माणसाला वाटते, आणि त्याच वेळी तो तासाला अर्धा लिटर पाणी गमावत असतो. नागपूर-अकोल्यात उन्हाळ्यात कूलर उत्तम चालतो आणि मुंबईत तो निरुपयोगी ठरतो, याचे कारण हेच आहे.

आता ‘पाणी पुरवून प्या’ या सल्ल्याकडे वळू. त्यामागे एक न बोललेली समजूत आहे, की आपण कमी प्यालो तर शरीरही कमी घाम गाळील. प्रत्यक्षात घामाचा वेग ठरतो तो उष्णतेच्या बेरजेवरून, आणि बाटलीत किती पाणी उरले आहे हे घर्मग्रंथींना कळत नाही. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ एडवर्ड अॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांवर याविषयी बारकाईने मोजमापे केली आणि पाण्याची कपात करून काहीही वाचत नाही, असा निष्कर्ष काढला. बाटलीत राखून ठेवलेले पाणी शरीरातल्या तुटीइतकेच असते. ते न पिता चालणारा माणूस फक्त लवकर कोलमडतो. याचा अर्थ सगळे पाणी एका दमात संपवावे असाही नाही, कारण गरजेपेक्षा जास्त प्यालेले पाणी मूत्रपिंडे बाहेर टाकतात. तहान लागली की तहान भागेल इतके प्यावे, आणि काटकसर करायची ती घामाची करावी.

तूट वाढत गेली की शरीरात काय होते, हे थोडे तपशिलात सांगतो. ७० किलोच्या माणसात सुमारे ४२ लिटर पाणी असते, परंतु रक्तातला द्रवभाग केवळ तीन लिटरांच्या आसपास असतो आणि घामाचे पाणी प्रथम त्यातूनच जाते. घाम रक्तापेक्षा कमी खारट असतो, त्यामुळे मागे उरलेला द्रव अधिक खारट होत जातो, आणि परासरणाच्या नियमानुसार तो पेशींमधले पाणी बाहेर ओढून घेतो. मेंदूतल्या तहानेच्या केंद्राला हा खारटपणा जाणवतो, पीयूषिका ग्रंथीतून मूत्र रोखणारे संप्रेरक सुटते आणि लघवी गडद, थोडी होते. तरीही रक्ताचे आकारमान घटतच राहते. आता हृदयापुढे पेच उभा राहतो: अवयवांना रक्त पुरवायचे आणि आतली उष्णता त्वचेपर्यंत वाहून नेण्यासाठी त्वचेलाही रक्त पुरवायचे, ही दोन्ही कामे कमी रक्तात करायची असतात. नाडी वाढते, प्रत्येक ठोक्यामागे बाहेर पडणारे रक्त कमी होते. शेवटी त्वचेचा पुरवठा कापला जातो, म्हणजे उष्णता बाहेर नेणारा पट्टाच थांबतो, आणि शरीराचे तापमान एकाएकी चढते. थंड हवेत माणूस वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतची पाण्याची तूट काही काळ सोसू शकतो. तप्त वाळवंटात मात्र १२ टक्क्यांच्या आसपासच हा अनर्थ घडतो. त्याच्या कितीतरी आधी विचारशक्ती गढूळ होते, म्हणून महत्त्वाचे निर्णय गाडी बंद पडल्यावर पहिल्या तासातच घेतलेले बरे.

याच संदर्भात उंटाविषयी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. मदारीत पाणी असते हा समज चुकीचा आहे, तिथे चरबी असते. १९५०च्या दशकात क्नुट श्मिट-नील्सन यांनी सहारातल्या बेनी अब्बेस येथे उंटांचा अभ्यास केला, तेव्हा तहानलेल्या उंटाचे तापमान पहाटे ३४ अंशांपर्यंत उतरते आणि दुपारी ४० च्या वर जाते, असे आढळले. ५०० किलोच्या प्राण्याने सहा अंशांची उष्णता दिवसभर अंगात साठवून रात्रीच्या गारव्यात सोडून दिली तर चार लिटरांहून अधिक घाम वाचतो. माणसाला एवढी मुभा नाही. आपले तापमान तीन अंशांनी वाढले की जिवावर बेतते.

घाम वाचवायचा म्हणजे काय करायचे, ते आता गणितातून आपोआप बाहेर येते. दुपारी गाडीच्या आत बसू नये, कारण बंद काचांमागे हवा कोंडून तापते. गाडीच्या सावलीत बसावे, ताडपत्री किंवा गाडीचे कव्हर असेल तर आडोसा वाढवावा. वाळूचा पृष्ठभाग दुपारी ७० अंशांपर्यंत तापतो, म्हणून मागच्या सीटची गादी काढून तिच्यावर बसावे. कोरडी वाळू उष्णतेची मंदवाहक असल्यामुळे दिवस-रात्रीच्या तापमानातला चढउतार एक फूट खोलीवर जवळजवळ नाहीसा होतो, तेव्हा पहाटेच्या गारव्यात गाडीच्या सावलीच्या बाजूला उथळ चर काढून ठेवला तर दुपारी त्याचा उपयोग होतो. उकडते म्हणून सदरा काढणे ही मोठी चूक ठरते. हवा त्वचेहून गरम असताना कपडा आपल्याला बाहेरच्या उष्णतेपासून वाचवतो, आणि कपड्याच्या आत अडकलेली हवा घामाला सावकाश, पूर्ण काम करून वाळू देते. बेदुइन या वाळवंटातल्या भटक्या अरबांचे काळे झगे पाहून आश्चर्य वाटते, पण १९८० साली प्रसिद्ध झालेल्या, इस्रायलमधल्या नेगेव वाळवंटातल्या प्रयोगात काळ्या आणि पांढऱ्या झग्यातल्या माणसाला मिळणारी उष्णता सारखीच भरली. काळा कापड जास्त तापला खरा, पण ती जादा उष्णता सैल झग्यातल्या वाऱ्याने त्वचेपर्यंत पोहोचण्याआधीच नेली.

आपल्याकडे उन्हात निघताना खिशात कांदा ठेवण्याची पद्धत आहे. खिशातला कांदा शरीरातली एक कॅलरीही बाहेर नेऊ शकत नाही. त्याच्याजवळ तसा कोणताही मार्ग नाही. त्या भरवशावर माणूस भर उन्हात थोडे अधिक चालतो, हे त्याचे नुकसान मोजण्यासारखे आहे. तोंडात खडा धरल्याने लाळ सुटते, पाणी तयार होत नाही. रेडिएटरमधले पाणी पिण्याचा सल्ला तर जीवघेणा आहे, कारण कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड लागते आणि यकृतात त्याचे रूपांतर होऊन मूत्रपिंडे निकामी करणारे ऑक्झॅलिक आम्ल बनते.

विज्ञानाच्या नावाने फिरणारा एक उपायही तपासून पाहायला हवा. खड्ड्यावर प्लॅस्टिकचा कागद ताणून मध्यभागी दगड ठेवायचा आणि कागदाखाली जमलेले थेंब भांड्यात गोळा करायचे, हे सौर ऊर्ध्वपातन. १९६५ साली जॅक्सन आणि व्हॅन बॅव्हेल यांनी ते शास्त्रीय नियतकालिकात मांडले, आणि ओल असलेल्या मातीतून व वनस्पतींतून पाणी मिळते हे त्यात खरेच आहे. पण गणित करा. एक चौरस मीटरवर दिवसभरात साधारण ६००० किलोकॅलरी ऊन पडते. प्रत्येक लिटरला तेच ५८० लागतात, म्हणजे काहीही वाया गेले नाही तरी जेमतेम १० लिटर. प्रत्यक्षात बहुतेक उष्णता वाळूत आणि हवेत जाते, आणि रब अल खालीसारख्या ठिकाणी वाळूत ओलच नसते. तासभर खड्डा खणण्यात मात्र जवळजवळ लिटरभर घाम नक्की जातो. जो अप्रकट उष्मा शरीराला वाचवतो, तोच येथे पाण्याची किंमत इतकी चढवून ठेवतो.

१९९३ सालची एमिल लरे या फ्रेंच इलेक्ट्रिशियनची हकिगत पुष्कळांना ठाऊक असते. मोरोक्कोतल्या तान-तानजवळच्या वाळवंटात त्याची सिट्रोएन गाडी मोडली, तेव्हा त्याने तिच्याच भागांतून मोटरसायकल तयार केली. या कामाला १२ दिवस लागले आणि शेवटी अर्धा लिटर पाणी उरले होते. त्याच्या हातातल्या कसबाचे कौतुक योग्यच आहे, परंतु मला त्या कहाणीतला महिना अधिक महत्त्वाचा वाटतो. तो मार्च होता, आणि त्याच्याकडे दहा दिवस पुरेल एवढी शिधासामग्री होती. जुलैत तेच काम करायला बसलेला माणूस सुटे भाग जुळण्याआधीच संपला असता.

चालत निघण्याविषयी अॅडॉल्फ यांचे कोष्टक फार स्पष्ट आहे. सावलीतले कमाल तापमान ४९ अंश असताना पाण्याशिवाय स्वस्थ पडून राहणारा माणूस सुमारे दोन दिवस जगतो. रात्री चालून दिवसा विसावणारा एकच दिवस. तापमान ३८ अंश असेल तर हेच आकडे पाच आणि तीन दिवस असे होतात. म्हणून वस्ती किंवा रस्ता नेमका कोठे आहे हे ठाऊक असेल आणि तो एका रात्रीच्या चालीत येत असेल, तरच गाडी सोडावी, तीही सूर्य मावळल्यावर. एरवी गाडी हीच आपली सर्वांत मोठी खूण असते: विमानातून एकटा माणूस दिसत नाही, उघडलेल्या बॉनेटची गाडी दिसते, बाजूच्या आरशाची तिरीप काही किलोमीटरवरून दिसते, आणि हवा काढून पेटवलेल्या स्टेपनीचा काळा धूर त्याहून दुरून दिसतो.

त्याच कोष्टकात पाणी जवळ असलेल्यांचेही रकाने आहेत. ४९ अंशांच्या उन्हाळ्यात चार लिटरांच्या आसपास पाणी असले तर दोनाचे अडीच दिवस होतात, एवढाच फरक पडतो. १९ लिटर असले, म्हणजे आपल्याकडे घरोघरी आणि कचेऱ्यांत येतो तो पाण्याचा जवळजवळ एक अख्खा जार माणशी असला आणि माणूस सावलीत हलला नाही, तर साडेचार दिवस. ऑगस्ट २०२४ मध्ये वाळूत अडकलेले ते दोघे सापडले, ते चार दिवसांनी.