धन टिकत नाही, मग त्याचे करायचे काय? ख्रिस्ती विचाराची पार्श्वभूमी

तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले, पुढच्याच वर्षी गव्हर्नर जनरल डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले, राजवाड्यातील हत्ती-घोडे कवडीमोलाने विकले गेले आणि जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्यास रवाना झाले. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ पासून या शहरात काम करीत होते. म्हणजे ज्या काळात येथे मराठीतून शुभवर्तमान, म्हणजे येशूचा संदेश, सांगितले जाऊ लागले, त्याच काळात धनाला पंख फुटून ते गरुडासारखे आकाशाकडे उडून जाते, हे बायबलमधील ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथातील वचन नागपूरकरांनी प्रत्यक्ष पाहिले. तरीही ख्रिस्ती शिकवण म्हणजे केवळ वैराग्याचा उपदेश, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

संपत्ती चंचल आहे, एवढे तर प्रत्येक परंपरा सांगते. येशूने त्यापुढचा प्रश्न विचारला. बायबलमधील येशूचरित्रांपैकी एक असलेल्या लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात गर्दीतला एक जण येऊन म्हणतो, माझ्या भावाला वतनाची वाटणी करायला सांगा. येशू वाटणी करून देण्याचे नाकारतो आणि एका जमीनदाराची गोष्ट सांगतो: पीक उदंड आले म्हणून तो जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याचे मनसुबे रचतो, आणि त्याच रात्री त्याचा जीव मागितला जातो. साठवलेले आता कोणाचे होणार, हा तेथील खरा बोचरा प्रश्न. वाटणीच्या तंट्यातून निघालेली ही गोष्ट विदर्भातील शेतकरी कुटुंबांना तरी परकी वाटू नये.

पुढील शतकांतला वाद याच प्रश्नाभोवती फिरत राहिला. इसवी सन २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या ख्रिस्ती आचार्याने, धन हे साधन आहे, टाकायची ती त्याची आसक्ती, अशी श्रीमंतांना सोयीची वाट काढली. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बेसिल याने याच कोठारांच्या गोष्टीवर प्रवचन करताना ती वाट बरीच अरुंद केली. तुझ्याकडे दडवलेली भाकर भुकेल्याची आणि पेटीतले वस्त्र उघड्याचे आहे, असे त्याने बजावले. इ.स. ३९९ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला तर जिवंत उदाहरणच समोर उभे राहिले. पूर्व रोमन सम्राटाचा सर्वशक्तिमान अधिकारी युट्रोपियस याने चर्चमध्ये आश्रय घेण्याच्या हक्कावर स्वतःच मर्यादा घातली होती. मर्जी फिरताच तो त्याच चर्चच्या वेदीला बिलगून बसला. शहराचा बिशप जॉन क्रिसोस्टम याने त्याच्याकडे बोट दाखवीत ‘व्यर्थच व्यर्थ’ या बायबलमधील वचनाने प्रवचन सुरू केले, पण त्याला सैनिकांच्या हाती देण्यास मात्र नकार दिला. नश्वरतेचा उपदेश आणि पडलेल्याला आसरा या दोन्ही गोष्टी एकाच प्रसंगी दिसतात, म्हणून मला हा प्रसंग साऱ्या इतिहासात महत्त्वाचा वाटतो. थोड्याच काळात युट्रोपियसचा शिरच्छेद झाला.

चर्च स्वतः धनवान झाल्यावर हीच वचने त्याला अडचणीची ठरू लागली. तेराव्या शतकात इटलीतील संत फ्रान्सिस असिसीकरांनी बापाच्या कपड्यांसह सर्वस्व परत केले, त्यांच्या संन्यासी संघाला मान्यताही मिळाली. पण ख्रिस्त व प्रेषितांच्या मालकीचे काहीच नव्हते, हे मत पोप बाविसाव्या जॉनने १३२३ मध्ये पाखंडी ठरवले. अठराव्या शतकात मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने भरपूर मिळवा, वाचवा आणि देऊन टाका, असा व्यापारी वर्गाला समजेल असा हिशेब मांडला. पहिल्या दोन गोष्टी अनुयायांना अधिक जमल्या.

नागपूरशी या इतिहासाचा आणखी एक धागा मराठी कवी नारायण वामन टिळकांमुळे जोडला जातो. आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते येथे संस्कृत ग्रंथांचे काम करीत असत, आणि याच काळात नागपूरहून निघालेल्या रेल्वेप्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती बायबल दिले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पुढे मिशनमध्ये पगारी सेवा केली आणि १९१७ मध्ये तो पगार सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला. वैयक्तिक त्यागाबरोबरच, येथील ख्रिस्ती समाज परदेशी मिशनांच्या आधारातून मोकळा व्हावा, ही ओढही त्यामागे होती. तोवर श्रीमंत कुटुंबांना विचारला जाणारा प्रश्न त्यांनी अशा रीतीने मिशनच्या तिजोरीलाच विचारला.