गाडीतला रेडिओ आपोआप स्टेशन का बदलतो?

गाणं ऐन रंगात आलेलं असतं आणि कुणीही हात न लावता तिथे भलत्याच बातम्या सुरू होतात. असं वारंवार झालं की रेडिओ गेला समजून नवा बसवायचे विचार सुरू होतात. पुष्कळदा मात्र रेडिओ धडधाकट असतो आणि त्याच्या सेटिंगमध्ये जे ठरवून दिलंय तेच इमानाने करत असतो. म्हणून पेचकस हातात घेण्याआधी एक करा. पुढच्या वेळी स्टेशन बदललं की पडद्याकडे बघा. गाडी चालवत असाल तर शेजारच्याला बघायला सांगा. मेगाहर्ट्झचा आकडा बदलला का? बदलला असेल, तर स्टेशनचं नाव तेच राहिलं का?

आकडा तोच आणि कार्यक्रम मात्र दुसरा, असं असेल तर रेडिओ उघडू नका. एकाच वारंवारितेवर दोन वेगवेगळ्या गावांची केंद्रं चालू शकतात. एफएमचा रिसीव्हर त्यांतला जोरकस संदेश धरतो आणि दुबळा जवळजवळ पूर्ण दाबून टाकतो. एएमवर दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून ऐकू येतात, एफएमवर एक जातो आणि दुसरा येतो. दोन केंद्रांच्या मधल्या पट्ट्यात गाडी चालली असेल, तर प्रत्येक टेकडीआड पारडं फिरतं. हेच शहराच्या मधोमध होत असेल तर वेगळा संशय घ्यावा. फोनमधली गाणी रेडिओवर ऐकवणारा छोटा एफएम ट्रान्समीटर कुणाच्या तरी गाडीत त्याच आकड्यावर लावलेला असतो. तुमच्याही सॉकेटमध्ये तो असेल तर काढून बघा.

आकडा बदलतो पण नाव तेच राहतं, तेव्हा हे काम आरडीएसचं, म्हणजे रेडिओ डेटा सिस्टिमचं. एफएम संदेशात आवाजाच्या बरोबरीने ५७ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर (त्याच संदेशातल्या जोडलहरीवर) सेकंदाला ११८७.५ बिट या वेगाने माहिती येत असते: स्टेशनचं नाव, १६ बिटांचा ओळख-क्रमांक, आणि हाच कार्यक्रम आणखी कोणत्या वारंवारितांवर मिळेल त्यांची यादी. ही यादी म्हणजे एएफ. संदेश क्षीण झाला की रेडिओ यादीतल्या दुसऱ्या वारंवारितेवर क्षणभर डोकावतो, तिथला जोर मोजतो, आणि तो जास्त असेल तर तिकडे मुक्काम हलवतो. जोर मोजायला काही मिलिसेकंद पुरतात. ओळख-क्रमांक तपासायला मात्र तो येईपर्यंत थांबावं लागतं. तो १०४ बिटांच्या प्रत्येक गटात एकदा येतो, म्हणजे साधारण ०.०९ सेकंदाला एकदा. आवाजात मधेच जो बारीक खंड पडतो तो बहुतेक या तपासणीचा असतो. दोन ट्यूनर असलेल्या रेडिओत तो जाणवत नाही, कारण दुसरा ट्यूनर मागच्या मागे हे काम उरकतो.

गडबड होते ती ओळख-क्रमांकावर टाकलेल्या विश्वासामुळे. एखादी प्रसारण-साखळी दिवसभर एकच कार्यक्रम देते आणि ठरावीक वेळी प्रत्येक भागासाठी वेगळ्या बातम्या लावते. अशा वेळी रेडिओ शेजारच्या भागाच्या वारंवारितेवर गेला, तर ऐकणाऱ्याला स्टेशनच बदललं असं वाटतं. त्यासाठी सेटिंगमध्ये आरईजी नावाचा पर्याय असतो; तो चालू केला की रेडिओ आपला प्रादेशिक कार्यक्रम सोडत नाही. तरीही उड्या थांबल्या नाहीत तर एएफ बंद करा. पुष्कळ रेडिओंत हे पर्याय ट्यूनरच्या किंवा आवाजाच्या मेनूत असतात, काहींत एएफचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरावं लागतं. एएफ बंद असताना लांबच्या प्रवासात स्टेशन हाताने लावावं लागेल, एवढाच तोटा.

पण आधी सुरळीत असलेला रेडिओ अलीकडेच अशा उड्या मारू लागला असेल, तर अँटेना तपासल्याशिवाय एएफ बंद करू नये. संदेश क्षीण झाला म्हणूनच तो दुसरी जागा शोधतोय. साध्या दांड्याच्या अँटेनाची केबल रेडिओतून काढा आणि मल्टिमीटर लावा. प्लगच्या मधल्या पिनेपासून दांड्यापर्यंत रोध (रेझिस्टन्स) जवळजवळ शून्य हवा, आणि मधली पिन व बाहेरचं कवच यांच्यात काहीच जोड दिसता कामा नये. छतावरच्या आखूड किंवा काचेतल्या अँटेनात बहुधा ॲम्प्लिफायर असतो. तिथे हे मोजमाप चालत नाही, त्याला रेडिओ चालू असताना १२ व्होल्ट मिळतात का ते बघायचं. नवा रेडिओ बसवताना ही १२ व्होल्टची वायर जोडायची राहून जाणं ही नेहमीची चूक.

नावही बदललं, आणि थोड्या वेळाने रेडिओ आपणहून मूळ स्टेशनवर परतला, तर तो टीए. वाहतुकीची सूचना आली की तिकडे जायचं आणि ती संपली की परत यायचं, हे त्याचं काम. नको असेल तर बंद करा.

नाव आणि आकडा दोन्ही बदलले आणि रेडिओ परत आला नाही, तर कुठल्या तरी बटणाची खोटी आज्ञा त्याला पोचते आहे. इथे उडीचा आकार बघा. आकडा ०.०५ किंवा ०.१ ने सरकत असेल तर ट्यूनिंगचा फिरता खटका झिजलाय. साठवलेल्या स्टेशनांमध्येच उड्या पडत असतील तर ते प्रीसेटचं बटण. पुढच्या जोरकस स्टेशनवर जाऊन थांबत असेल तर सीक. प्रत्येक स्टेशनवर काही सेकंदच थांबत असेल तर चुकून स्कॅन दाबलं गेलंय, ते पुन्हा दाबा की झालं.

सीकची आज्ञा पुष्कळदा स्टेअरिंगवरून येते. अनेक गाड्यांत तिथली सगळी बटणं एकाच वायरीवर असतात आणि प्रत्येकाचा रोध वेगळा असतो; रेडिओ व्होल्टेजवरून बटण ओळखतो. समजा रेडिओ ५ व्होल्ट १००० ओहममधून देतो, आवाजाचं बटण १०० ओहमचं आणि सीक ३३० ओहमचं आहे. आवाजाचं दाबलं की ०.४५ व्होल्ट, सीकचं दाबलं की १.२४. आवाजाच्या बटणाच्या संपर्कावर काळा थर बसून २३० ओहम वाढले, तर आवाज वाढवायला गेलात की स्टेशन बदलणार. ओल शिरली तर बटण न दाबताही गळती होते आणि रेडिओला कुठलं तरी बटण दाबल्यासारखं वाटतं.

खात्री करणं सोपं आहे. रेडिओमागची स्टेअरिंगची वायर सोडवा आणि दोन दिवस तशीच ठेवा. उड्या थांबल्या तर रेडिओ निर्दोष. मग स्टेअरिंगवरचं एखादं बटण दाबून धरून त्या वायरीचा रोध मोजत स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. आकडा मधेच हलला तर स्टेअरिंगखालची गुंडाळलेली पट्टीदार केबल, म्हणजे क्लॉक स्प्रिंग, खराब आहे. हॉर्न अधूनमधून वाजत नसेल किंवा एअरबॅगचा दिवा लागत असेल तर संशय पक्का. तीच केबल एअरबॅगलाही जोडलेली असते, त्यामुळे हे काम घरी करू नका, जाणत्या मेकॅनिककडेच द्या.

वायर सोडवूनही उड्या चालूच राहिल्या तर दोष पुढच्या पॅनेलवर. गोड पेय सांडून अडकलेलं बटण ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलने सुटतं: बॅटरीची ऋण वायर काढा, पॅनेल वेगळं करा, कापसाच्या काडीने पुसा, पूर्ण वाळू द्या. झिजलेल्या फिरत्या खटक्यावर काँटॅक्ट क्लीनर मारून तो वीसेक वेळा दोन्हीकडे फिरवला तर काही काळ निभावतं, मग खटका बदलावाच लागतो. टच स्क्रीन गाडी उन्हात तापल्यावरच बहकत असेल तर काचेखालचा स्पर्शथर गेला आहे, आणि तो पुसून सुधारत नाही.