‘जगन्मिथ्या’ म्हणजे ‘जग नाहीच’ नव्हे

खान्देशात कीर्तनानंतरच्या गप्पांत हमखास निघतं: ‘ब्रह्म सत्य, जग मिथ्या’ म्हणणाऱ्या अद्वैत वेदान्ताच्या मते जग नाहीच, मग पेरणी कशाला अन् कर्ज कशाला फेडायचं? हा समज साफ चुकीचा आहे.

जे कधी दिसूच शकत नाही, उदाहरणार्थ सशाचं शिंग, त्याला अद्वैतात ‘असत्’ म्हणतात. ‘मिथ्या’ वेगळं: दिसतं, पण पुढच्या ज्ञानानं बाधित होतं, म्हणजे खोटं ठरतं. सांजेला केळीच्या बागेत ठिबकची नळी साप वाटते. बॅटरी मारली की साप जातो. ही प्रातिभासिक सत्ता, म्हणजे भासापुरतं असणं. नळी मात्र राहते, तिच्यातून झाडाला पाणी मिळतं. ही व्यावहारिक सत्ता, म्हणजे रोजच्या व्यवहारातलं असणं. तिचा बाध फक्त ब्रह्मज्ञानानं, म्हणजे ब्रह्मच खरं हे कळल्यानं होतो, त्याआधी नाही. गफलत इथेच होते, नळीलाही सापाच्या पंगतीत बसवलं जातं.

अद्वैताचे आचार्य खुद्द शंकराचार्य ब्रह्मसूत्र या वेदान्ताच्या मूळ ग्रंथातल्या २.२.२८ च्या भाष्यात बाह्य पदार्थ नाकारणाऱ्या बौद्ध विज्ञानवादाचं खंडन करतात. पुढच्याच सूत्रात, जागृती स्वप्नासारखी नाही, हे येतं.

आणि तापी-पूर्णेच्या संगमावर ज्यांचं देऊळ आहे, त्या चांगदेवांना ज्ञानदेवांनी लिहिलेल्या ६५ ओव्या पाहा. तिथे सोनं सोनेपणाला उणं न येता दागिना होतं. दागिना, म्हणजे जग, नाकारलेलाच नाही.