शेतावरच्या बुशक्राफ्ट मुक्कामाला येताय? चारपर्यंत पोहोचा

आमच्याकडून तंबू, मॅट, स्लीपिंग बॅग भाड्याने नेणारे बरेच जण हिवाळ्यातल्या शनिवारच्या मुक्कामालाही येतात. "तिथे नेमकं काय असतं?" हा फोन रोजचाच झालाय, म्हणून एकदा लिहूनच काढलं.

बुशक्राफ्ट म्हणजे रानात मोजक्या साधनांवर राहण्याची कला. हे रिसॉर्ट नाही आणि शिबिरही नाही. नागपूरहून कामठी, कन्हान ओलांडून मनसरच्या अलीकडे, ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक वावरात आपण जमतो. जो तो आपला तंबू किंवा ताडपत्री लावतो आणि ज्याला जे येतं ते दुसऱ्याला दाखवतो. कोणी चकमकीची ठिणगी काटेसावरीच्या कापसावर पाडतं, कोणी चाकूने लाकडी चमचा कोरत बसतं. नुसतं शेकोटीपाशी बसलात तरी चालतं. रात्री राखेत भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी. ताट-वाटी आपापली आणा.

आता मुख्य गोष्ट. अंधार पडल्यावर येऊ नका. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. ऑफिस आटोपून निघालेली मंडळी साडेसहाला पोहोचतात आणि तंबूची पिशवी तिथेच पहिल्यांदा उघडतात. मोबाईलचा टॉर्च दातात, पोल कुठल्या कडीत जातो ते कळत नाही, खुंट्या घरीच राहिलेल्या. मागच्या डिसेंबरात एका रात्रीत मी सात तंबू लावून दिले. रोडगे राखेत घालायला नऊ वाजले, तोवर दोन लेकरं उपाशीच झोपली. ते माझ्या मनाला अजून लागतं.

म्हणून तंबू आदल्या दिवशी गच्चीवर एकदा उभा करून पाहा, खुंट्या मोजा. वावरातली काळी माती हिवाळ्यात वाळून टणक होते. खुंटीवर घाईने घाव घातले की ती वाकते. हळूहळू ठोका, डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेलं ठेवा आणि भेगेपासून वीतभर लांब राहा. जागा उंचवट्याची निवडा, नाल्याकडच्या खोलगट भागात थंड हवा साचते.

"तंबू गळतो" अशी तक्रारही येते. पाऊस नसताना कसा गळेल? पहाटे कापडाला आतून बोट लावून पाहा, ते पाणी आपल्याच श्वासाच्या वाफेचं असतं. थंडीच्या भीतीने वरची जाळी बंद केली की हे होणारच. ती उघडी ठेवा. आणि ऊब हवी म्हणून निखाऱ्यांचं घमेलं तंबूत अजिबात नेऊ नका, त्यातल्या विषारी वायूला वास नसतो.

खरा गारठा जमिनीतून येतो. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, आणि उघड्या वावरात शहरापेक्षा जास्तच झोंबतं. अंगावर तीन ब्लँकेट घेऊन खाली नुसती चादर अंथरणारे रात्रभर कुडकुडतात. एक ब्लँकेट कमी आणा, पण जाड मॅट घ्या. आमच्याकडे आहे, भाडंही फार नाही.

"पेंचच्या जंगलातच का नाही करत?" असंही विचारतात. राखीव जंगलात आग पेटवणं आणि लाकूड तोडणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने गुन्हा आहे. शिवाय पेंच म्हणजे वाघाचं घर. आपल्या वावरात शेकोटी मोकळेपणाने पेटते. पऱ्हाट्या, तुराट्या आणि बाभळीची वाळकी लाकडं आम्ही शेतकऱ्याकडून विकत घेतो, तुमच्या वर्गणीतला मोठा भाग त्यातच जातो. बांधावरच्या झाडाला कुऱ्हाड लावू नका. ओलं लाकूड धूरच करतं आणि शेतकऱ्याचं मन दुखावतं ते वेगळंच.

सामान शुक्रवारी संध्याकाळी नेलंत तर त्या रात्रीचं भाडं लावत नाही. गच्चीवर तंबू लावून पाहता यावा, यासाठीच ही सोय आहे. शनिवारी दुकान दुपारी एकलाच बंद होतं, कारण चारच्या आत आम्हालाही वावरात पोहोचायचं असतं.