शाळेचा बाँड (कॅलिफोर्निया)

सरकारी शाळांच्या इमारती बांधायला किंवा दुरुस्त करायला शाळा जिल्हा (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) कर्ज काढतो, आणि ते काढायच्या आधी मतदारांना विचारावंच लागतं. मतपत्रिकेवर या प्रस्तावाला इंग्रजी अक्षराचं नाव असतं, मेझर ए, मेझर बी असं. पास झाला की जिल्हा बाँड, म्हणजे कर्जरोखे, विकतो, आणि पुढची 25-30 वर्षं घरमालक प्रॉपर्टी टॅक्समधून ते फेडतात.

1978 च्या प्रपोझिशन 13 ने (प्रपोझिशन म्हणजे राज्यभरच्या मतदानाला टाकलेला प्रस्ताव) प्रॉपर्टी टॅक्स घराच्या नोंदलेल्या किमतीच्या 1 टक्क्यावर बांधून टाकला, त्यावर जे चढतं ते मुख्यतः मतदारांनी मंजूर केलेलं कर्जच. आधी दोन तृतीयांश मतं लागायची, कितीतरी प्रस्ताव 60-62 टक्क्यांवर येऊन पडायचे. नोव्हेंबर 2000 मध्ये प्रपोझिशन 39 ने ही अट 55 टक्क्यांवर आणली, पण बदल्यात कामांची यादी आधी द्यायची, दरवर्षी ऑडिट आणि नागरिकांची देखरेख समिती. पहिली ते बारावी सगळं एकत्र असलेल्या जिल्ह्याला एका मेझरमागे 1 लाख डॉलर किमतीला वर्षाला 60 डॉलरची मर्यादा, म्हणजे 8 लाख नोंदलेल्या घराला जास्तीत जास्त 480, आणि जुने बाँड चालू असतील तर ते वेगळे.

या पैशातून शिक्षकांचा पगार देता येत नाही. छप्पर, वायरिंग, संडास, भूकंपाची मजबुती, अशीच कामं. भूकंपाचं तर फार महत्त्वाचं, 10 मार्च 1933 ला लाँग बीचला संध्याकाळी सहाच्या आसपास भूकंप झाला, शाळा सुटलेल्या होत्या म्हणून पोरं वाचली, इमारती मात्र ढासळल्या, आणि महिन्याभरात शाळांच्या बांधकामासाठी फील्ड कायदा आला.

राज्याचेही बाँड असतात. मार्च 2020 मध्ये 15 अब्ज डॉलरचा पडला, नोव्हेंबर 2024 मध्ये 10 अब्जांचा प्रपोझिशन 2 पास झाला. पण राज्याचा वाटा मिळवायला जिल्ह्याला साधारणपणे स्वतःचेही पैसे घालावे लागतात, त्यामुळे जिथे घरं महाग तिथे बाँड मोठा निघतो आणि गरीब गावातली पोरं जुन्याच वर्गात बसतात. हे मला साफ चुकीचं वाटतं.

कर्ज कसं काढलं तेही बघायला हवं. सॅन डिएगोजवळच्या पॉवे जिल्ह्याने 2011 मध्ये साधारण 10.5 कोटी डॉलर उचलले, पहिली वीसेक वर्षं काहीच भरायचं नाही अशा अटीवर, आणि 2051 पर्यंत फेडायचे जवळजवळ 100 कोटी! आज बालवाडीत असलेली मुलं तिशीच्या जवळ पोचतील तेव्हाही ते चालूच असेल. त्यानंतर 2013 च्या कायद्याने अशा बाँडची एकूण फेड मुद्दलाच्या चौपटीपर्यंतच ठेवली.

फ्रीमाँट, सनीव्हेलकडे बरीच मराठी घरं आहेत, त्यातली व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असलेली माणसं टॅक्स भरतात पण मेझरवर मत देऊ शकत नाहीत. तरी देखरेख समितीची मीटिंग सगळ्यांना खुली असते, कोणीही जाऊन बसू शकतं आणि प्रश्न विचारू शकतं. ज्यांना मत आहे त्यांनी मतदार पुस्तिकेत व्याजासकट एकूण फेडीचा अंदाज दिलेला असतो तो आकडा आधी शोधावा, मतपत्रिकेवर मोठा दिसतो तो नुसता मुद्दलाचा.